चिखलात झोपून पाणपक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एमाबाई

हल्ली थंडी पडायला लागली की आपल्याकडच्या तळ्याकाठी, धरणाच्या फुगवट्यावर गाड्या उभ्या दिसतात. गळ्यात हातभर लांबीची लेन्स, अंगात खाकी जाकीट. रोहित येतात, बदकं येतात, त्यांच्यामागे फोटोवाले येतात. आणि आता तर गावातल्या पोराच्या खिशातही असा मोबाईल आहे की बांधावरून बगळ्याचा बऱ्यापैकी फोटो निघतो. नाही जमला तर डिलीट, परत दुसरा. पैसा लागत नाही.

पण सव्वाशे वर्षांमागे पाणपक्ष्याचा एक फोटो काढायचा म्हणजे काय दिव्य होतं, आणि ते करायला एक बाई कशी पाण्यावर जाऊन राहिली, ते आज सांगतो. बाईंचं नाव एमा लुईसा टर्नर. गाव इंग्लंडमधलं. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव मोठं आहे. आपल्याकडे मात्र ते फारसं पोचलं नाही.

एमाबाईंचा जन्म 9 जून 1867 चा, केंट परगण्यातल्या लँग्टन ग्रीन या गावचा. घर व्यापाऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. शाळेच्या वयातच आई गेली. त्या काळात आई नसलेल्या घरातल्या मुलीच्या वाट्याला जे येतं तेच त्यांच्याही आलं. घर बघायचं, घरातल्यांचं करायचं. कॉलेजची पायरी त्या चढल्या नाहीत. लग्नही केलं नाही. वयाची तेहतिशी आली तोपर्यंत सांगण्यासारखं काही घडलेलं नव्हतं.

मग 1900 साली त्यांची गाठ पडली रिचर्ड कीअर्टन यांच्याशी. हे कीअर्टन म्हणजे दोन भाऊ, रिचर्ड आणि चेरी. एक लिहायचा, दुसरा फोटो काढायचा. पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी या भावांनी काय काय उद्योग केले ते वाचलं तर हसू येतं. त्यांनी बैलाचं कातडं पेंढा न भरता आतून पोकळ ठेवून उभं केलं, आणि माणूस कॅमेऱ्यासकट बैलाच्या पोटात शिरून बसायचा. रानात बैल उभा आहे असं समजून पक्षी जवळ येत. तर अशा माणसाशी बोलणं झालं आणि एमाबाईंनी कॅमेरा हातात घेतला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या. 1904 पर्यंत तर त्या स्वतः काढलेल्या फोटोंच्या काचा दिव्यासमोर धरून, पडद्यावर चित्रं दाखवत जाहीर भाषणं द्यायला लागल्या होत्या.

त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. आत फिल्मसुद्धा नाही, काचेची प्लेट. एक फोटो, एक प्लेट. काढली की बदलायची, पुन्हा नेम धरायचा. ओझं वेगळंच, आणि काच फुटली तर दिवसभराची मेहनत गेली. लांबचं जवळ आणणाऱ्या आजच्यासारख्या लेन्सा नव्हत्या. म्हणजे पक्षी मोठा दिसायला हवा तर आपणच त्याच्याजवळ जायचं, अगदी काही हातांवर. आणि पाणपक्षी तर जात्याच भित्रा. टिटवी बघा ना, माणूस दोन शेतं लांब असतानाच गाव जागा करते.

यावर बाईंनी जो उपाय काढला तो साधा आणि अंगमेहनतीचा. चिखलात आडवं व्हायचं, अंगावर गवत-लव्हाळ्याचा पालापाचोळा ओढून घ्यायचा आणि पडून राहायचं. तास, दोन तास, कधी दिवसभर. नाहीतर चपट्या होडीत तसंच. घोळदार झगा घालून बायकांनी चारचौघांत नीट बसावं असा तो काळ. त्यात ही बाई दलदलीत झोपलेली.

त्यांनी जी जागा धरली ती नॉरफोक परगण्यातली. लंडनच्या ईशान्येला, समुद्राला लागून असलेला सपाट शेतीचा मुलूख. तिथे उथळ पाण्याची बरीच सरोवरं आहेत, त्यांना ब्रॉड म्हणतात. काठाने माणसाच्या डोक्यावरून जाणारं बोरूचं रान. गंमत म्हणजे ही सरोवरं देवाने केलेली नाहीत. मध्ययुगात तिथल्या लोकांनी जळणासाठी जमिनीतलं कुजकं गवताळ थर, म्हणजे पीट, खणून नेलं. पुढे त्या खड्ड्यांत पाणी भरलं आणि पक्ष्यांनी घर केलं. आपलं नांदूर मधमेश्वर तरी काय, बंधाऱ्याच्या गाळावर झालेलं पाखरांचं गाव. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं ते 2020 साली. माणसाने केलेल्या खड्ड्यात आणि बांधलेल्या बंधाऱ्यात पक्षी काही जात-पात बघत नाहीत.

हिकलिंग नावाच्या अशाच एका ब्रॉडवर एमाबाईंनी मुक्काम ठोकला. राहायला घर-होडी. तिचा आराखडा त्यांचा त्यांनीच केलेला. होडीचं नाव ठेवलं वॉटर रेल. हा आपल्या पाणकोंबडीच्या भावकीतला एक लाजराबुजरा पक्षी, त्या भागात त्यांनी पहिला फोटो काढला तो त्याचाच. जवळच्या एका छोट्याशा बेटावर खोपट उभं केलं. तिथे फोटो धुवायची अंधारी खोली, आणि पाहुणा आला तर त्याला झोपायलाही तेच. लोक त्या बेटाला टर्नरबाईंचं बेट म्हणायला लागले. वीस-पंचवीस वर्षं दरसाल काही महिने त्या तिथे राहत. तिथला हिवाळाही त्यांनी काढला आहे.

आणि मुद्दा इथेच आहे. फोटोसाठी येऊन जाणारा माणूस वेगळा आणि जागेवर राहणारा वेगळा. वसंतात बोरूला नवे कोंब फुटतात तेव्हा कोण बोलतं, मे-जूनमध्ये घरटी कुठल्या आडोशाला असतात, पिल्लं मोठी झाल्यावर काठ कसा सुनासुना होतो, शरदात आभाळातून कोण उतरतं आणि थंडीत पाणी गोठलं की कोण उपाशी मरतं, हे त्यांना पाठ होतं. तिथे हिवाळ्यात बोरू कापतात, घरं शाकारायला. आपल्याकडे पूर्वी उसाच्या पाचटाने शाकारायचे तसंच. कापणीनंतर कुठे रान उभं राहिलं आणि कुठे मोकळं झालं यावर पुढच्या सालची घरटी ठरतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही. कापणाऱ्या मजुरांशी, मासेमाराशी, राखणदाराशी बोलून कळतं, आणि बाईंची त्या सगळ्यांत ऊठबस होती.

त्यांच्या नावावर सोसायटीचं सुवर्णपदक लागलं ते एका टिबुकलीमुळे. आपल्या तळ्यातली बुडकी मारणारी टिबुकली सगळ्यांनी बघितली आहे. तिची मोठी, डोक्यावर तुरा असलेली बहीण तिकडे असते. पाण्यावर तरंगतं घरटं बांधते, उठून जाताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून ठेवते, पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. या बिचारीच्या छातीची पिसं फार मऊ. इंग्लंडमधल्या श्रीमंत बायकांच्या टोप्या आणि हात गरम ठेवायची वेष्टनं यांसाठी तिची इतकी कत्तल झाली की 1860 च्या सुमारास देशभरात जेमतेम काही डझन जोड्या उरल्या. पुढे कायदे झाले. 1889 साली तर काही बायकांनीच पुढाकार घेऊन पिसांच्या फॅशनविरुद्ध संघटना काढली, तीच आजची तिथली पक्षी संरक्षणाची सगळ्यात मोठी संस्था. एमाबाईंनी जिचा फोटो काढला ती टिबुकली म्हणजे या सगळ्यातून वाचलेल्यांची लेक-नात.

मान मिळत गेला. लंडनच्या लिनियन सोसायटीने, म्हणजे निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या जुन्या आणि मानाच्या संस्थेने, 1904 च्या डिसेंबरात पहिल्यांदा बायकांना फेलो म्हणून निवडलं. त्या पहिल्या तुकडीत एमाबाई होत्या. सव्वाशेच्या आसपास वर्षं ही संस्था चालू होती, तोवर बाईमाणसाला दार बंद होतं. ज्यांच्याकडे कुठली पदवी नाही अशी एक बाई चिखलातल्या कामाच्या जोरावर आत गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण त्यांचं नाव ज्यामुळे राहिलं ती गोष्ट 1911 ची.

बिटर्न नावाचा एक पक्षी असतो. बगळ्याच्या कुळातला, पण पांढरा नाही. वाळलेल्या बोरूसारखा पिवळट-तपकिरी, अंगावर काळ्या रेघा. संकट आलं की पळत नाही. मान ताणून चोच सरळ आभाळाकडे करतो आणि तसाच उभा राहतो. बोरूच्या काड्यांत काडी होऊन जातो. चार हातांवर असला तरी दिसत नाही. वसंतात नर घुमतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जसा आवाज निघतो तसा, पण इतका खोल की कोसभर ऐकू जावा.

इंग्लंडमधला हा आवाज बंद पडला होता. दलदली उपसून लोकांनी शेतं केली. उरलेले पक्षी कुणी खायला मारले, कुणी पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवायला. अंडी गोळा करणारे हौशी लोक तर टपूनच असायचे. तिथे तो छंद प्रतिष्ठेचा होता आणि जितका पक्षी दुर्मिळ तितकी अंड्यांची किंमत जास्त. 1886 नंतर या पक्ष्याने तिथे पिल्लं काढल्याची खात्रीची नोंद नव्हती. हिवाळ्यात युरोपातून एखादा पाहुणा यायचा, तोही बंदुकीच्या टप्प्यात सापडायचा.

आणखी एक रीत समजून घेतली पाहिजे. त्या काळी एखादा दुर्मिळ पक्षी दिसला असं नुसतं सांगून कुणी ऐकत नसे. मारून आणलेला पक्षी समोर टाकला की मग नोंद पक्की. म्हणजे दुर्मिळ आहे हे सिद्ध करायला त्यालाच मारायचं. आज आपल्याला हे उलटं वाटतं, पण मोठमोठे पक्षीअभ्यासकसुद्धा बंदूक घेऊनच फिरायचे. आपले सलीम अली लहानपणी चिमणी मारून ती कोणती हे विचारायला मुंबईच्या संस्थेत गेले होते, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कामाची पद्धतच ती होती.

1900 सालानंतर हिकलिंगच्या आसपास ते घुमणं पुन्हा कधीमधी कानावर यायला लागलं होतं. तिथला राखणदार होता जिम विन्सेंट, पंचविशीच्या पुढचा तरुण. पाणी आणि बोरू दोन्ही त्याच्या अंगात मुरलेलं. त्याचे मालक दोघे, लॉर्ड ल्यूकस आणि एडविन माँटेग्यू. हे माँटेग्यू म्हणजे तेच, शाळेत इतिहासाच्या पुस्तकात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ कराव्या लागल्या त्यातले. पुढे ते भारतमंत्री झाले, 1911 साली त्याच खात्याचे उपमंत्री होते. भारताचा कारभार बघणाऱ्या या माणसाला पाखरांचं वेड होतं आणि हिकलिंगच्या दलदलीत बंदुकीपेक्षा राखण महत्त्वाची असं त्यांनी ठरवलं होतं. हा योग जुळला नसता तर पुढचं घडलं नसतं.

त्या उन्हाळ्यात मोठे बिटर्न नजरेला पडत होते. जवळपास पिल्लं आहेत असा संशय बळावला. 8 जुलै 1911 या दिवशी एमाबाई आणि जिम दोघे बोरूच्या रानात शिरले. बाईंचं वय तेव्हा 44. खाली चिखल, वर पान्हाळ्यासारखी कापणारी पाती, समोर हातभरापलीकडचं दिसत नाही. अशा रानात शोधायचं काय, तर जो पक्षी न दिसण्यातच पटाईत आहे त्याचं पिल्लू. बरीच शोधाशोध झाली, आणि सापडलं. पुरतं उडता न येणारं, पिसं अर्धवट फुटलेली, मान ताणलेली, चोच आभाळाकडे. त्याच्या वाडवडिलांनी शिकवलेलं सोंग त्याने जन्मतःच घेतलेलं.

एमाबाईंनी त्याचा फोटो काढला.

पंचवीस वर्षांनी देशात बिटर्नचं पिल्लू जन्मलं होतं, आणि त्याला न मारता ते सिद्ध झालं. ब्रिटिश बर्ड्स या नियतकालिकात बाईंनी त्याच वर्षी सविस्तर लेख लिहिला. मेलेल्या पक्ष्याच्या जागी काचेची प्लेट पुरावा म्हणून उभी राहिली. असा पुरावा देणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या, पण हे उदाहरण सगळ्यांच्या नजरेत भरणारं होतं. अंडी चोरणाऱ्यांचा धोका होताच. तिथे जंगली पक्ष्यांची अंडी काढणं गुन्हा ठरायला 1954 उजाडावं लागलं. तोवर भरवसा काय तो विन्सेंटसारख्या राखणदारांवर, आणि ठिकाण कळूनही चारचौघांत न सांगणाऱ्या माणसांवर. आज एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचा फोटो टाकताना आपण लोकेशनसकट टाकतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे वीस गाड्या लागतात, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या महायुद्धात बाई जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या स्वयंसेवी पथकात स्वयंपाकाला लागल्या. लॉर्ड ल्यूकस विमान चालवायला गेले आणि 1916 साली मारले गेले. युद्ध संपलं, बाई पुन्हा होडीवर आल्या. 1921 च्या सुमारास नॉरफोकच्या निसर्गअभ्यासकांच्या मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. 1924 साली ब्रॉडवरच्या पक्ष्यांवर त्यांचं मोठं पुस्तक निघालं.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. नॉरफोकच्या किनाऱ्याला स्कोल्ट हेड नावाचं वाळूचं बेट आहे. तिथे सुरय पक्ष्यांची वसाहत. नदीच्या वाळवंटात आपल्याकडे सुरय अंडी घालते, उघड्यावर, नुसत्या वाळूत, तशीच तिथेही. पाय पडला की अंडं फुटलं. बेट नुकतंच संरक्षणाखाली आलेलं, पण राखायला माणूस मिळेना. 57 वर्षांच्या एमाबाई म्हणाल्या मी राहते. आणि 1924 व 1925 असे दोन हंगाम त्या बेटावरच्या झोपडीत राहिल्या.

पेपरवाल्यांना बातमी मिळाली. इंग्लंडमधली सगळ्यात एकाकी बाई अशी त्यांची प्रसिद्धी झाली. त्याचा परिणाम असा झाला की ही एकाकी बाई बघायला लोक होड्या करून येऊ लागले आणि बाईंना एकटं राहणं मुश्कील झालं. पत्रकारितेचं हे जुनं दुखणं आहे, आम्हीही त्यातलेच, म्हणून जास्त बोलत नाही. दोन हंगामांतली निरीक्षणं त्यांनी 1928 मध्ये पुस्तक करून छापली.

पुढे वय झालं, दलदल झेपेना. त्या केंब्रिजला राहू लागल्या आणि घरामागच्या बागेकडे वळल्या. प्रत्येक परसात पाखरांना जागा कशी करता येईल यावर 1935 साली पुस्तक लिहिलं. म्हणजे ज्याला तळं नाही, होडी नाही, त्यानेही काय करावं ते. घरी पाळलेल्या खारीवरही एक पुस्तक आहे. एकूण आठ पुस्तकं त्यांच्या नावावर.

शेवटची दोन वर्षं त्यांची नजर गेली. आयुष्यभर बोरूच्या फटीतून बघत बसलेल्या बाईंना दिसेनासं झालं. 13 ऑगस्ट 1940 रोजी त्या वारल्या. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं, इंग्लंडच्या आभाळात विमानांची लढाई चालू होती.

बिटर्नचं काय झालं? 1911 नंतर तो हळूहळू पसरला, पण पुढे दलदली पुन्हा आटत, वाळत गेल्या आणि 1997 मध्ये सगळ्या देशात मिळून अवघे 11 घुमणारे नर उरले. मग बोरूची रानं नव्याने राखली, पाणी खेळतं ठेवलं. आता तो आकडा दोनशेच्या वर गेला आहे. ही मोजणी आजही डोळ्यांनी होत नाही. वसंतात पहाटे काठाला उभं राहायचं आणि किती नर घुमतायत ते कानांनी मोजायचं.